‘अजून कळलेले नाही’ या उत्तराबरोबर सहा महिने

प्रश्न : डॉक्टरबाई, सादर नमस्कार.

मी खानापूर तालुक्यातील एका मराठी माध्यमाच्या शाळेत शिक्षिका आहे. माझे वय २९ आहे. यंदा श्रावणात एके सकाळी पूजेची फुले काढताना माझ्या लक्षात आले की, डाव्या डोळ्याने लालभडक दिसणारे जास्वंदीचे फूल उजव्या डोळ्याने विटकरी, धुऊन फिके पडल्यासारखे दिसते आहे. डोळा फिरवला की आतून दुखत होते. पाच दिवसांत त्या डोळ्यापुढे धुके पसरले. बेळगावच्या नेत्रतज्ज्ञांनी डोळ्यामागच्या नसेला सूज आल्याचे सांगून मेंदूविकारतज्ज्ञांकडे पाठवले. तिथे तीन दिवस सलाईनमधून स्टिरॉइड दिले आणि महिन्याभरात नजर जवळजवळ पूर्ववत झाली.

मेंदूच्या एमआरआयमध्ये मात्र दोन लहान पांढरे ठिपके दिसले. मणक्याचा एमआरआय स्वच्छ आहे. रक्तातील दोन विशेष तपासण्यांसाठी नमुना बाहेरगावी पाठवला होता, त्यात काही निघाले नाही. बी-१२ मात्र खूप कमी निघाले, त्याची इंजेक्शने चालू आहेत. डॉक्टर म्हणाले, ‘‘मल्टिपल स्क्लेरोसिस असू शकेल, नसूही शकेल. ठिपके नेहमीच्या जागी नाहीत. माघात पुन्हा एमआरआय करून बघू.’’ पाठीतले पाणी काढून तपासावे असेही त्यांनी सुचवले होते, पण त्याने माणूस कमरेखाली लुळा पडतो असे ऐकून आईने ठाम नकार दिला. नंतर दाराबाहेर ते माझ्या वडिलांशी कन्नडमध्ये भराभर बोलले. मला कन्नड येते, पण ‘इन्नू गोत्तिल्ल’ एवढेच नीट ऐकू आले. तुला सांगितले तेच मलाही सांगितले, असे बाबा म्हणतात. माझा विश्वास बसत नाही.

ज्येष्ठात माझा साखरपुडा झाला आहे. मुलगा गडहिंग्लजचा असून लग्न वैशाखात ठरले आहे. आई म्हणते, रिपोर्ट येईपर्यंत एक शब्दही बाहेर काढू नकोस, रिपोर्ट चांगला आला तर सांगण्यासारखे काही उरणारच नाही.

मी दिवसातून वीस वेळा एक डोळा झाकून दुसऱ्याने बघते. रात्री मोबाइलवर वाचत बसते आणि चाकाच्या खुर्चीतली माणसे दिसली की झोप उडते. हाताला मुंग्या आल्या तरी छातीत धस्स होते. आश्विनातल्या उन्हातून शाळेतून चालत आले की डोळा अंधुक होतो आणि घरी सावलीत बसल्यावर स्पष्ट होतो. मी आजारी आहे की बरी आहे, हेच मला समजत नाही. खोटा धीर नको; खरे काय ते लिहा.

उत्तर : आपले पत्र मी तीनदा वाचले. आपल्याला खरे हवे आहे, म्हणून आपल्या संशयापासूनच सुरुवात करते. दाराआडून आपल्या कानावर पडलेले ‘इन्नू गोत्तिल्ल’, म्हणजे ‘अजून कळलेले नाही’, हे माझ्या मते त्या डॉक्टरांचे प्रामाणिक उत्तर आहे आणि त्यामागे काही दडवलेले असण्याची शक्यता मला फारच कमी वाटते. आपला संशय मात्र निराधार म्हणता येणार नाही, कारण रुग्णाला बाहेर बसवून घरच्या पुरुषांना बाजूला घेऊन सांगण्याची पद्धत आमच्या पिढीतील डॉक्टरांनीच पाडली. मीही अनेक वर्षे तसेच वागले आणि ते चुकीचे होते, असे आज मला वाटते. पुढच्या भेटीत वडिलांना अवश्य सोबत न्या, पण खुर्चीवर बसताच ‘‘जे सांगायचे ते मला सांगा, सावकाश सांगा, मराठीत किंवा कन्नडमध्ये कसेही सांगा’’ असे स्वतः म्हणा.

‘कळलेले नाही’ हे उत्तर खरे का असू शकते, ते समजून घ्या. मधुमेहाचे निदान जसे रक्तातील साखरेच्या आकड्यावर करता येते, तशी मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस, या आजारासाठी (ज्यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मेंदू-मज्जारज्जूतील चेतातंतूंच्या आवरणांना इजा करते) एकच एक तपासणी नाही. पॅरिसचे मेंदूविकारतज्ज्ञ जाँ-मार्तें शार्को यांनी १८६८ मध्ये या आजाराचे सविस्तर वर्णन केले, तेव्हापासून डॉक्टर त्यात दोन गोष्टी शोधत आले आहेत : चेतासंस्थेत एकाहून अधिक ठिकाणी इजा झाली आहे का, आणि ती एकाहून अधिक वेळी झाली आहे का. इयान मॅक्डॉनल्ड यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञगटाने २००१ मध्ये या दोन अटींना एमआरआयची जोड देऊन निदानाचे निकष ठरवले आणि पुढे ते अनेकदा सुधारले गेले. एकच घटना घडून गेलेल्या रुग्णाबाबत ‘वेगवेगळ्या वेळी’ ही अट पाहायची तर मध्ये काळ जावाच लागतो. माघातल्या एमआरआयमध्ये डॉक्टर श्रावणात नसलेला एखादा नवा ठिपका शोधणार आहेत. आपण या सहा महिन्यांकडे तपासणी लांबल्यासारखे पाहता आहात, परंतु काळ हा त्या तपासणीचाच भाग आहे आणि ती या क्षणीही चालू आहे.

घाईने नाव न देण्यामागे आणखीही एक कारण आहे. एमआरआयमधील पांढरे ठिपके अर्धशिशी असलेल्यांच्या मेंदूत दिसतात, रक्तदाब असलेल्यांच्या मेंदूत दिसतात आणि वयानुसार निरोगी माणसांतही दिसतात, म्हणून त्यांची जागा आणि आकार यांना महत्त्व असते. एमएसची औषधे वर्षानुवर्षे घ्यावी लागतात. त्यातच एमएससारखाच दिसणारा न्यूरोमायलायटिस ऑप्टिका हा वेगळा आजार असतो, ज्यात एमएसची काही औषधे उलट अपाय करतात. त्या आजाराशी निगडित प्रतिपिंड (अँटिबॉडी) २००४ मध्ये सापडले. आपल्या रक्ताच्या ‘विशेष’ तपासण्या बहुधा याच आणि यासारख्या आणखी एका प्रतिपिंडासाठी असाव्यात. त्यांत काही निघाले नाही, म्हणजे आपल्याला काहीच कळले नाही असे नाही, तर एमएससारखे भासणारे दोन आजार बरेच मागे पडले. बी-१२ च्या अभावानेही मुंग्या आणि बधिरपणा येतो, क्वचित नजरेवरही परिणाम होतो, तेव्हा ती इंजेक्शने दुय्यम समजून चुकवू नका आणि माघाच्या आधी बी-१२ ची पातळी पुन्हा मोजून घ्या.

आता पाठीतील पाण्याविषयी, कारण या बाबतीत आपल्या आईंचा नकार आपल्याला महाग पडू शकतो. निकषांच्या २०१७ च्या सुधारणेपासून, या पाण्यात प्रथिनांच्या विशिष्ट पट्ट्या आढळल्या आणि इजेच्या जागांची अट पूर्ण होत असली, तर त्या पट्ट्या काळाच्या अटीची जागा घेऊ शकतात, आणि २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सुधारणेत तर डोळ्याच्या नसेलाही इजेची एक जागा मानले आहे. साध्या शब्दांत सांगायचे तर, जे उत्तर काळाकडून मिळायचे त्यातील काही भाग ही तपासणी आधी देऊ शकते. लुळेपणाची भीती आपल्या भागात घरोघरी आहे. प्रौढ माणसाचा मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो आणि सुई त्याच्या खाली घालतात, जिथे पाण्यात सुटे चेतातंतू तरंगत असतात. जागा आधी बधिर करतात. नंतर काही जणांचे डोके दोन-चार दिवस दुखते, उठून बसल्यावर जास्त आणि आडवे झाल्यावर कमी. रक्तस्राव किंवा जंतुसंसर्ग यांसारखे धोके विरळ असतात. आईंना एवढेच विचारा की, आपल्या नात्यात किती जणींची सिझेरियन कमरेत इंजेक्शन देऊन झाली. ती सुई याच भागात घालतात. ही समजूत कशी पसरली असावी याबद्दल माझा एक अंदाज आहे. पूर्वी ही तपासणी बहुतेक वेळा मेंदूज्वराच्या अत्यवस्थ रुग्णांवर होत असे, त्यांतील काहींचे हातपाय मूळ आजारानेच जात आणि दोष सुईच्या माथी येई. तपासणी करायची की नाही हे आपण आणि आपले डॉक्टर ठरवा. फक्त तो निर्णय ऐकीव गोष्टीवर होऊ देऊ नका.

एक आकडा लिहावा की नाही, याचा मी बराच विचार केला. मोबाइलवर तो आपल्याला कधी ना कधी दिसणारच, म्हणून तो माझ्याकडून कळलेला बरा. डोळ्याच्या नसेला सूज आलेल्या साडेचारशेहून अधिक रुग्णांचा अमेरिकेत दीर्घकाळ अभ्यास झाला, तेव्हा १५ वर्षांत साधारण निम्म्यांना एमएस झाल्याचे आणि निम्म्यांना न झाल्याचे दिसले. सुरुवातीच्या एमआरआयमध्ये ठिपका नसलेल्यांत हे प्रमाण २५ टक्के आणि एक किंवा अधिक ठिपके असलेल्यांत ७२ टक्के होते. आपले ठिपके नेहमीच्या जागी नसल्यामुळे यांपैकी कोणत्याही रकान्यात आपल्याला सरळ बसवता येत नाही. शिवाय तो अभ्यास सुरू झाला तेव्हा एमएसची उचल, म्हणजे आजाराने पुन्हा डोके वर काढणे, रोखणारे एकही औषध बाजारात नव्हते. असे पहिले औषध अमेरिकेत १९९३ मध्ये मान्य झाले आणि आज गोळ्या, इंजेक्शने व सलाईनमधून द्यायची औषधे मिळून डझनाहून अधिक उपलब्ध आहेत. ती आजार समूळ बरा करीत नाहीत, परंतु त्याच्या उचली कमी करतात. चाकाच्या खुर्चीची जी छायाचित्रे पाहून आपली झोप उडते, त्यांतील कित्येक माणसांच्या आजाराला या औषधांच्या आधीच सुरुवात झालेली असते.

दिवसातून वीस वेळा डोळा झाकून पाहणे थांबवणे सर्वांत अवघड जाईल, तरी त्यापासूनच सुरुवात करा. नजर प्रकाशाप्रमाणे, थकव्याप्रमाणे, डोळ्यातील ओलाव्याप्रमाणे दिवसभर थोडी बदलतच असते, त्यामुळे वीस वेळा पाहणाऱ्याला वीस निरनिराळी उत्तरे मिळतात आणि त्यांतील वाईट तेवढी लक्षात राहतात. आठवड्यातून एकदा, रविवारी सकाळी, भिंतीवरच्या त्याच दिनदर्शिकेसमोर, तेवढ्याच अंतरावरून आणि त्याच उजेडात दोन्ही डोळे आळीपाळीने तपासा व तारीख घालून एक ओळ वहीत लिहा. इतर तक्रारींसाठी तज्ज्ञ स्वतः वापरतात तीच मोजपट्टी आपणही वापरा. नवे लक्षण सलग २४ तासांहून अधिक टिकले आणि त्या वेळी ताप किंवा जंतुसंसर्ग नसला, तरच ते आजाराची उचल म्हणून विचारात घेतात. हात डोक्याखाली घेऊन झोपल्यावर आलेल्या आणि झटकल्यावर गेलेल्या मुंग्या त्यात बसत नाहीत. उन्हातून आल्यावर अंधुक होऊन सावलीत पूर्ववत होणाऱ्या डोळ्याचे वर्णन जर्मन नेत्रतज्ज्ञ विल्हेल्म ऊटहोफ यांनी १८९० मध्येच केले होते. एकदा सुजून गेलेली नस शरीर तापले की तेवढ्यापुरती मंदावते. त्यातून नवी इजा होत नाही. येताना छत्री घ्या, घरी आल्यावर गार पाण्याने तोंड धुवा आणि ही गोष्ट डॉक्टरांना मात्र अवश्य सांगा.

मोबाइलवरील वाचनाबद्दल मी बंदी घालणार नाही, कारण आपण शिक्षिका आहात आणि जाणून घेण्याची इच्छा आपल्यात असणारच. मात्र रात्री वाचू नका, आणि वाचताना पडलेला प्रश्न तिथेच पुढे शोधत न जाता वहीच्या मागच्या पानावर डॉक्टरांसाठी लिहून ठेवा. सलाईनमधील स्टिरॉइडने काही दिवस झोप आणि मन दोन्ही बिघडते, हे बहुधा आपल्याला कोणी सांगितले नसेल. पण त्याला आता दोन-तीन महिने झाले, तेव्हा आजही झोप लागत नसेल, अन्नावरची वासना उडाली असेल किंवा जगणे नकोसे वाटत असेल, तर ती वेगळी तक्रार आहे आणि तिच्यावर उपचार आहेत. धारवाडची मानसिक आरोग्य संस्था आपल्याला दूर नाही, आणि १४४१६ या क्रमांकाच्या सरकारी टेली-मानस सेवेत मराठीतही बोलता येते. एमआरआयची वाट बघत असताना मनाचे दुखणे सोसत बसावे असा काही नियम नाही.

माझ्या थोरल्या भावाचा उजवा हात काही वर्षांपूर्वी बारीक होऊ लागला होता. निदान व्हायला पाच महिने लागले. अखेर मानेतील मणक्यापाशी नस दबल्याचे निघाले आणि शस्त्रक्रियेने दुखणे थांबले. त्याचे निदान सौम्य निघाले म्हणून आपलेही तसेच निघेल, असे मी सुचवत नाही. मला आठवते ते वेगळेच आहे. पाच महिने आमच्या घरात त्या दुखण्याचे नाव कोणी काढले नाही. तो जेवायला बसला की सगळे त्याच्या हाताकडे बघत आणि त्याने मान वर केली की भाजीची चौकशी करत. नंतर तो मला म्हणाला की, हाताच्या भीतीपेक्षा त्याला ती जेवणे जड गेली. मी डॉक्टर असूनही त्या गप्प बसणाऱ्यांत होते.

म्हणून लग्नाआधी सांगायचे की नाही, या प्रश्नावर मी मोघम लिहिणार नाही. आपल्या होणाऱ्या पतींना ही गोष्ट लग्नापूर्वी, आणि माघातला रिपोर्ट येण्यापूर्वीच, आपण स्वतः सांगावी असे माझे स्पष्ट मत आहे. आईंचे म्हणणे मायेतून आलेले आहे आणि आपल्या समाजात मुलीच्या दुखण्याचा बभ्रा झाला की काय होते, हे मी बेळगावात राहून पुरेसे पाहिले आहे. परंतु त्यांच्या म्हणण्यात एक गृहीतक आहे की, माघात ‘आहे’ किंवा ‘नाही’ असे उत्तर येईल. नवा ठिपका दिसला नाही, तरी डॉक्टर बहुधा ‘‘चांगले आहे, पुढे पुन्हा पाहू’’ असेच म्हणतील आणि मग सांगण्याचा दिवस पुढच्या एमआरआयवर, तिथून त्याच्या पुढच्या एमआरआयवर ढकलला जाईल. तोवर लग्न झालेले असेल, तुम्ही इंजेक्शनाच्या कागदपत्रांची पिशवी कपाटात दडवत असाल आणि त्या घरी एखाद्या दिवशी डोळा पुन्हा धुरकट झाला, तर आजाराबरोबर लपवल्याचाही खुलासा करावा लागेल.

आधी होणाऱ्या पतींशी एकट्याने बोला. दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांची बैठक नंतर होऊ द्या. श्रावणात डोळ्याला काय झाले, नजर परत आली, दोन ठिपके आहेत, त्यांचा अर्थ डॉक्टरांनाही अजून लागलेला नाही आणि माघात पुन्हा तपासणी आहे, एवढे पाच मिनिटांत सांगून होते. ते जे विचारतील त्यातील काही गोष्टी आपल्याला ठाऊक असाव्यात. एमएस संसर्गजन्य नाही. तो असला तरी मूल होण्यात त्याची आडकाठी नसते. गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत त्याच्या उचली उलट कमी होतात, बाळंतपणानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत त्या वाढू शकतात, आणि काही औषधे मात्र गर्भधारणेपूर्वी बंद करावी लागतात. आईला किंवा वडिलांना एमएस असला तर मुलाला तो होण्याची शक्यता शंभरात दोन-तीन इतकी असते. त्यांनी विचार करायला वेळ मागितला, तर तो अपमान समजू नका. आपल्यालाही या गोष्टीशी जुळवून घ्यायला तीन महिने पुरलेले नाहीत. हवे तर माघातल्या भेटीला त्यांनाही सोबत बोलवा. आणि सोयरीक मोडलीच, तर दुःख फार मोठे होईल, हे मी नाकारत नाही.

दुसरे मत घ्यावेसे वाटले तर एकदा अवश्य घ्या. कोल्हापूर-मिरज आपल्याला जवळ आहे, हुबळी आहे, आणि राणी चन्नम्मा एक्सप्रेसने रात्रीत बंगळूर गाठून निम्हान्स या मेंदू व मनोविकारांच्या राष्ट्रीय संस्थेतही दाखवता येते. मात्र पाच ठिकाणी पाच एमआरआय करीत फिरू नका. दोन एमआरआयची तुलना नीट व्हायची असेल, तर दुसरा शक्यतो त्याच यंत्रावर व त्याच पद्धतीने काढलेला बरा, म्हणून श्रावणातली सीडी जपून ठेवा. नुसत्या लेखी अहवालावर तज्ज्ञांचे भागत नाही. घरच्यांनी सौंदत्तीच्या यल्लम्माला नवस बोलला असेल तर जरूर जा, पण वारे गेले म्हणून कोणी पुडीत बांधून दिलेले भस्म घेऊ नका. अशा काही पुड्यांमध्ये शिसे किंवा पारा असतो, त्याने चेतातंतूंना खरीखुरी इजा होते आणि मग माघात कोणती खूण कशाची, हे ओळखणे डॉक्टरांनाही कठीण जाते.

माघाची तारीख ही नेहमीच्या तपासणीची तारीख आहे. त्याआधी काही घडले तर तिची वाट बघू नका. कोणत्याही डोळ्याची नजर पुन्हा कमी होऊ लागली, एकाचे दोन दिसू लागले, पायातली ताकद कमी वाटू लागली, छातीभोवती किंवा पोटाभोवती पट्टा आवळल्यासारखे वाटले, किंवा उचकी अथवा उलटी कारणाशिवाय दिवसचे दिवस थांबेना, तर एक-दोन दिवसांच्या आत त्याच डॉक्टरांकडे जा. पाय लुळे पडले किंवा लघवी अडली तर त्याच दिवशी जा. ते गावी नसतील तर जवळच्या मोठ्या इस्पितळात जाऊन, फाइल पुढे ठेवून, ‘‘श्रावणात माझ्या उजव्या डोळ्याच्या नसेला सूज आली होती’’ हे वाक्य सर्वांत आधी सांगा.